चष्म्याची पोच

मागच्या डिसेंबरात तुम्ही दोघं आला होतात, तेव्हा एक कुरिअरवाला दारात ताटकळला होता. मी त्याच्या कागदावर सही केली, आत जाऊन भिंतीवरचं घड्याळ पाहिलं आणि परत येऊन सहीशेजारी तारीख आणि वेळ लिहिली. तुम्ही हसलात. धाकटीनं जेवताना माझी नक्कलही केली, आणि ती तिला चांगली जमली. तुमच्या बाबाला या सवयीचं कारण माहीत आहे, पण तो सांगायचा नाही, कारण त्या गोष्टीत त्याचा पासपोर्ट आहे. म्हणून मीच लिहून ठेवते.

गोष्ट तुमच्या जन्माआधीची. रांजणगावला कंपन्या येऊन काही वर्षं झाली होती आणि पहाटेपासून त्यांच्या बसगाड्या शिरूरच्या रस्त्यावरून कामगार गोळा करत जात. मी शिरूरच्या शाळेतून नुकतीच निवृत्त झाले होते. तीस वर्षं इंग्रजी शिकवलं. माझ्या वर्गात एक नियम होता. कपाटातून नकाशा, शब्दकोश, पृथ्वीचा गोल, काहीही घेतलं तरी चिठ्ठी लिहायची: काय घेतलं, कुणाकडून, तारीख, वेळ, सही. मुलं कंटाळत, पण माझ्या कपाटातली वस्तू कधी हरवली नाही.

घरामागच्या दोन खोल्या आम्ही भाड्यानं देत असू. त्या वर्षी तिथं उत्तरेकडून आलेलं एक मुसलमान जोडपं राहत होतं. तो रांजणगावला एका कंपनीत विजेच्या पॅनलचं वायरिंग करी. ती घरी शिवणकाम करी आणि माझ्याकडून मराठी शिके. त्याच्या चष्म्याच्या काचा भिंगासारख्या जाड होत्या. चष्मा काढला की छापील अक्षरं त्याला मुंग्यांच्या रांगेसारखी दिसत, असं तोच सांगे. सुट्टीच्या दिवशी तो शेतकऱ्यांना मोटारीचे ‘ऑटो’ करून द्यायचा. तेव्हा भारनियमन होतं, वीज कधी येईल याचा भरवसा नसे. वीज आल्यावर विहिरीवरची मोटार थोड्या वेळानं आपोआप चालू व्हावी, म्हणून स्टार्टरला टायमर लागतो. तळेगाव ढमढेऱ्यापासून राहूपर्यंतचे ऊसवाले त्याच्याकडून ते बसवून घेत. त्याच्या खोलीत एका पत्र्याच्या डब्यात टायमर, वायरी आणि वायरींना डाग द्यायची, म्हणजे सोल्डरिंगची, इस्त्री असायची.

त्या दिवसांत मोठ्या शहरांत बॉम्ब फुटले होते आणि वर्तमानपत्रांत रोज टायमरचा उल्लेख येत होता.

एका सकाळी तो पहिल्या पाळीला गेला आणि दुपारी परतलाच नाही. संध्याकाळी त्याच्या बसमधला एक कामगार सांगायला आला. बस यायच्या आधी थांब्यावर एक पांढरी जीप उभी राहिली, साध्या कपड्यांतले चौघं उतरले, त्याचा दंड धरून त्याला आत घातलं. ओढाताणीत चष्मा खाली पडला आणि जीपच्या चाकाखाली गेला.

मी त्याच्या बायकोला घेऊन पोलीस ठाण्यात गेले. तिथला हवालदार माझा विद्यार्थी, राहूचा. त्याच्या आज्यापर्यंत मेंढरं घेऊन फिरणारं घर. सरकारी नोकरीत लागलेला त्या घरातला हा पहिलाच. शाळेत तो माझ्या कपाटाचा मॉनिटर होता. मला बघून उभा राहिला, खुर्ची पुसून दिली, आणि बोलताना मात्र टेबलाकडं बघत राहिला.

“बाई, तो आपल्याकडं न्हाई. डायरीला नोंद न्हाई.”

मग कुणाकडं आहे, असं मी विचारलं. मुंबईची माणसं आहेत, केंद्राची का राज्याची तेही कळत नाही, आम्हालाही नावं सांगत नाहीत, असं तो म्हणाला. मी त्याला शिकवल्यासारखं सांगितलं, की अटक केलेल्या माणसाला चोवीस तासांच्या आत मॅजिस्ट्रेटपुढं उभं करावं लागतं. घटनेतच लिहिलं आहे.

“बाई, ते चोवीस तास अटक दावल्यावर सुरू होत्यात,” तो हळूच म्हणाला. “अटकच दावली न्हाई, तर घड्याळ कुठलं सुरू व्हायला?”

हे वाक्य मी त्या क्षणी नीट ऐकलं असतं, तर पुढची चूक माझ्या हातून झाली नसती.

तिसऱ्या दिवशी सकाळी अकराच्या सुमाराला जीप आमच्या दारात आली. हवालदार आणि साध्या कपड्यांतले तिघं उतरले. खोलीची झडती घ्यायची होती आणि पंच म्हणून दोन प्रतिष्ठित माणसं हवी होती. एक त्यांनी कोपऱ्यावरचा दुकानदार धरून आणला होता, दुसरी मी. त्यांच्यातला मोठा अधिकारी माझ्याशी इंग्रजीत बोलला, अगदी शुद्ध आणि सौम्य. ही निव्वळ औपचारिकता आहे, तुमच्यासारख्या सुशिक्षित बाईंची मदत झाली तर काम नीट होईल, असं म्हणाला. मला बरं वाटलं. शिरूरमध्ये माझ्याशी इंग्रजीत कोण बोलणार होतं?

जीपमध्ये मागं, दोघांच्या मध्ये, आमचा भाडेकरू बसला होता. डोळ्यांवर चष्मा नव्हता. उजवा हात मनगटापासून सुजलेला होता आणि पायांत दुसऱ्याच्या मापाच्या चपला होत्या. बायकोनं हाक मारली तेव्हा त्यानं आवाजाच्या दिशेनं मान वळवली, पण नजर तिच्या बाजूनं निघून गेली. तिला जीपजवळ जाऊ दिलं नाही.

त्यांनी टायमरचा डबा, वायरी आणि इस्त्री जप्त केली. हवालदारानं आमच्या जेवणाच्या टेबलावर बसून पंचनामा लिहिला. मी त्याच्या खांद्यावरून बघत होते. समास सोड, पानांना आकडे घाल, असं मी त्याला सांगितलं, आणि त्यानं घातलेही. मग दोन्ही पानं शब्दन् शब्द वाचली. वस्तूंची यादी बरोबर होती. तारखेची आणि वेळेची जागा मात्र कोरी होती. मी बोट ठेवून विचारलं.

“ते मागनं सायेब टाकत्यात, बाई. तुम्ही करा सही.”

मी केली. मला कुणी धमकावलं नव्हतं, घाईही केली नव्हती. माझा विद्यार्थी नेटकं लिहितो आहे याचा मला अभिमान वाटत होता, आणि तो मला फसवील असं मनातही आलं नाही. तीस वर्षं मुलांना बजावलं होतं, की कोऱ्या जागेच्या खाली सही करू नका. पण त्या टेबलावर ते मलाच आठवलं नाही.

ते निघणार एवढ्यात त्याची बायको फळीवरचा जुना चष्मा घेऊन आली. काळी फ्रेम, डावी काडी दोऱ्यानं बांधलेली. त्याला द्या, म्हणून ती विनवू लागली. अधिकाऱ्यानं मान हलवली. त्याच्याकडं काही देता येणार नाही म्हणाला आणि जीपकडं गेला. हवालदारानं मागं बघितलं आणि हात पुढं केला. “द्या हिकडं. मी पोचवतो.”

माझ्या तोंडून सवयीनं निघालं, “चिठ्ठी लिही.”

तो हसला. त्या सकाळी कुणीतरी हसलेलं मी तेवढंच पाहिलं. टेबलावरच्या माझ्या वहीचं पान फाडून त्यानं लिहिलं: बाईंकडून एक चष्मा, काळी फ्रेम, डावी काडी बांधलेली, त्यांच्या भाडेकरूस देण्यासाठी मिळाला. खाली तारीख, वेळ अकरा चाळीस, सही आणि त्याचा बक्कल नंबर. वर्गात लिहायचा अगदी तसंच. मी ती चिठ्ठी पावत्यांच्या फाइलीत लावली आणि विसरले.

त्यानंतर नऊ दिवस काहीच कळलं नाही. आम्ही रजिस्टर पोस्टानं अर्ज पाठवले, उत्तर आलं नाही. दहाव्या दिवशी वर्तमानपत्रात त्याचा फोटो आला, तोंडावर बुरखा घातलेला, खाली नाव. त्याच्या बायकोला अजून मराठी छापील अक्षर भराभर लागत नव्हतं, म्हणून मी मोठ्यानं वाचलं. दौंड स्टेशनात गाडीचं इंजिन बदलायला वेळ लागतो, त्या वेळात पळून जाण्याच्या बेतात असलेल्या संशयिताला परवा अटक; काल त्याच्या शिरूरच्या घराची पंचांसमक्ष झडती; टायमर जप्त.

तिनं वर्तमानपत्र हातात घेऊन फोटो बघितला. मग म्हणाली, “कल तो यहाँ कोई नहीं आया, माँजी.”

“नाही आलं.”

“तो वो दस्तख़त आपका है?”

माझीच होती. त्या कोऱ्या जागेत त्यांनी कालची तारीख घातली होती. थांब्यावर उचलल्यापासून दौंडच्या अटकेपर्यंतचे दिवस माझ्या सहीनं पुसून टाकले होते. त्या दिवसांत तो कुठं होता, त्याच्या मनगटाला काय झालं, त्यानं कशावर सह्या केल्या, हे सगळं त्या पुसलेल्या जागेत होतं. पोलिसांपुढचा जबाब एरवी कोर्टात पुरावा होत नाही. पण त्या वर्षांत एक खास कायदा होता. त्याखाली वरिष्ठ अधिकाऱ्यापुढं दिलेला कबुलीजबाब पुरावा धरला जाई, आणि तोच कायदा त्याला लावायचं चाललं होतं. तसं झालं असतं तर जामीन नाही, आणि शिक्षा जन्मभराची.

तुमचे आजोबा भित्रे नव्हते, पण हिशेबी होते. ते म्हणाले, सही झाली आहे, ती आता परत घेता येत नाही. आणि याच पोलीस ठाण्यात मुलाच्या पासपोर्टची चौकशी अडून आहे. खरंच होतं. तुमच्या बाबाला परदेशातली नोकरी लागली होती आणि एका हवालदाराच्या शेऱ्यावाचून पासपोर्ट निघत नव्हता. मी फोन करून त्याला सगळं सांगितलं.  दोन दिवसांनी त्याचा फोन आला आणि तो एवढंच म्हणाला, माझा फॉर्म थांबला तर थांबू दे. तो फॉर्म नसता थांबला तर तुम्ही जिथं जन्मलात तिथं जन्मला नसतात, हे लक्षात ठेवा. त्याला तेव्हा काय होणार हे माहीत नव्हतं.

चिठ्ठी मला त्यानंतर आठवली. फाइल उघडली तर गॅसच्या पावतीच्या मागं ती होती. मी ती त्याच्या बायकोला दाखवली. ती वाचता वाचता तारखेच्या आकड्याशी थांबली आणि बोट उचलेना.

शिरूरमध्ये एक वृद्ध वकील होते, वाटपाचे आणि बांधाचे दावे चालवणारे. बाई, मी असल्या भानगडीत पडत नाही, असं त्यांनी सांगितलं. मग चिठ्ठी बघितली, स्वतःचा चष्मा पुसला आणि पुन्हा बघितली. म्हणाले, प्रतिज्ञापत्र तुम्हीच लिहा, मी फक्त कोर्टात देईन. मी ते इंग्रजीत लिहिलं, सव्वा पान. त्यात विशेषणं नाहीत, अशी त्यांनी तक्रार केली. पहिल्या परिच्छेदात माझी चूक होती: मी शिकलेली आहे, मी वाचलं, तारीख कोरी होती हे मला दिसलं, तरीही मी सही केली. चिठ्ठी त्यानंतर.

कोर्टाच्या तारखेच्या आदल्या दुपारी हवालदार घरी आला. गणवेशात नव्हता. आत ये म्हटलं तरी चपला काढून ओट्यावरच बसला. कुणाकडून कळलं होतं कोण जाणे.

“बाई, ती चिठ्ठी हाय का अजून?”

“आहे.”

“ती दिली तर माजी नोकरी जाईल.”

मी म्हटलं, तू मला सांग, त्या दिवशी तो इथं होता की नव्हता?

“व्हता. माझ्या बापाच्या मोटारीला त्यानंच ऑटो बसवलाय, बाई. मला काय ठावं न्हाई व्हय, कशाचे टायमर हायेत ते?” त्यानं अंगणाकडं बघितलं. “पर मी हवालदार. ते सायेब उद्या मुंबईला जातील, त्यांचं नाव कागदावर कुठंच न्हाई. कागदावर नाव एक तुमचं आन् एक माजं.”

“म्हणून तर आपण दोघांनीच बोलायला पाहिजे.”

तो उठला. चष्मा दिलास का त्याला, असं मी विचारलं. तो तसाच फाटकातून बाहेर पडला. मला त्याचा राग आला नाही. वाईट वाटलं, आणि वाईट वाटूनही माझा विचार बदलला नाही. हे तुम्हाला कठोर वाटेल. मीही त्या संध्याकाळी फाइल दोनदा उघडून मिटली. पण त्याची नोकरी आणि दुसऱ्याचा जन्म यांत मला फार तोलत बसावं लागलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या एस्टीनं आम्ही न्हावऱ्यावरून दौंडला गेलो. मी, ती आणि वकील. तुमचे आजोबा यायचे नव्हते, पण स्टँडवर डबा घेऊन उभे होते, आणि डबा देऊन परत न जाता गाडीत चढले.

दौंडचं कोर्ट लहान होतं. न्यायाधीश तरुण, सर्दी झालेले, रुमाल हातात. आमच्या भाडेकरूला आणलं तेव्हा एका शिपायानं दंड धरून त्याला पायरी दाखवली. अजूनही चष्मा नव्हता. हवालदार पंचनाम्याचे कागद घेऊन मागच्या भिंतीशी उभा होता. माझ्याकडं त्यानं बघितलं नाही. साध्या कपड्यांतल्या त्या माणसांपैकी कुणीही तिथं नव्हतं.

सरकारी वकिलांनी आणखी कोठडी मागितली. आरोपीनं सगळं कबूल केलं आहे, जबाब स्वतः वाचून त्यावर सही केली आहे, असं ते म्हणाले. आमच्या वकिलांनी माझं प्रतिज्ञापत्र आणि चिठ्ठी पुढं केली. न्यायाधीशांनी सव्वा पान वाचलं, आणि मला उभं केलं.

“तुम्ही शिक्षिका होतात?”

“हो.”

“आणि कोऱ्या तारखेखाली सही केलीत?”

“हो.”

“हे तुम्हाला शोभलं नाही.”

“नाही शोभलं,” मी म्हटलं.

मग त्यांनी विचारलं, की स्टेशनवरच्या अटकेआधी आरोपी कुणाच्या ताब्यात होता. सरकारी वकील म्हणाले, कोणती यंत्रणा, कोणते अधिकारी, कोणती जागा, हे देशाच्या सुरक्षेसाठी गुप्त आहे. उघड्या कोर्टात सांगता येणार नाही. न्यायाधीशांनी नाक पुसलं आणि शांतपणे म्हणाले, “जागा सांगू नका. नावंही सांगू नका. मी फक्त वार विचारतो आहे. वार गुप्त कसा असेल?”

 त्यांनी चिठ्ठी वर धरली आणि हवालदाराला पुढं बोलावलं. ही सही तुमची आहे का?

तो नाही म्हणू शकत होता. फाटका कागद होता, शाईही माझ्याच पेनाची. सरकारी वकील त्याच्याकडं रोखून बघत होते.  त्यानं शर्टाच्या खिशात हात घातला, रुमालात गुंडाळलेलं काहीतरी काढलं, आणि रुमाल उलगडून न्यायाधीशांपुढं ठेवला. काळी फ्रेम, डावी काडी दोऱ्यानं बांधलेली.

“त्यांनी देऊ दिला न्हाई, सायेब,” तो म्हणाला. “तवापासून खिशातच हाय.”

न्यायाधीशांनी तो चष्मा उचलून त्यातून समोरच्या कागदाकडं बघितलं आणि लगेच डोळ्यांपासून दूर धरला. आरोपीला विचारलं, हा जबाब तू वाचलास? तो म्हणाला, साहेब, मला तुम्हीही नीट दिसत नाही. तेव्हा त्यांनी चष्मा त्याला द्यायला सांगितला. सुजलेल्या हातानं त्याला तो लावता येईना. हवालदारानंच त्याच्या कानांवर काड्या बसवल्या. मग त्यानं मागं वळून बायकोला बघितलं.

त्या दिवशी तो सुटला नाही. सिनेमात सुटतात तसं काही झालं नाही. न्यायाधीशांनी पोलीस कोठडी नाकारून त्याला तुरुंगात पाठवलं, डॉक्टरी तपासणी करायला लावली आणि ठाण्याची डायरी मागवली. खास कायदा त्याला लागला नाही. खटला पुण्यात दोन वर्षं रखडला; मी तीनदा साक्षीला गेले आणि प्रत्येक वेळी माझ्या चुकीनंच सुरुवात केली. शेवटी तो सुटला. दोघं आपल्या गावी गेली. तिचं पत्र येतं, मराठीत, सुवाच्य.

त्या मधल्या दिवसांत त्याला कुठं ठेवलं होतं, हे त्यानं ओळखीच्या खुणांवरून सांगितलं: कालव्याच्या पाण्याचा आवाज, मोठ्या खोल्या, लांब कुठंतरी रेल्वेची शिट्टी. पण कुठल्याही कागदावर ती जागा नाही. माझ्याशी शुद्ध इंग्रजीत बोलणाऱ्या त्या अधिकाऱ्याचं नाव मी पाच ठिकाणी अर्ज करून विचारलं. माहितीच्या अधिकाराचा कायदा आल्यावर त्याखालीही विचारलं. उत्तर एकच, की अशी माहिती देता येत नाही. शिक्षा झाली ती हवालदाराला. काही महिने निलंबन आणि पगारवाढ रोखली. त्या सगळ्या प्रकारात ज्यानं कागदावर खरी तारीख घातली तो एकटाच सापडला. हे मला अजून पचलेलं नाही, आणि तुम्हालाही पचू नये म्हणून लिहिते आहे. माझे अर्ज त्या फाइलीत आहेत, पोचपावत्यांसकट. माझ्यानंतर ती फाइल तुमची.

तुमच्या बाबाचा पासपोर्ट सात महिने उशिरा निघाला. ती नोकरी गेली, पुढं दुसरी मिळाली.

निलंबन उठल्यावर हवालदाराची बदली झाली. काही वर्षं त्यानं मला ओळख दिली नाही. एकदा तळेगावच्या बाजारात समोरासमोर आलो, तर तो भाजीवाल्याशी बोलत वळला. मग तुमच्या जन्मानंतर आम्ही दोघांनी तुमच्याकडं यायला पासपोर्टचे अर्ज केले आणि चौकशीला तोच आला, पुन्हा शिरूरला बदलून आलेला, मिशा पांढऱ्या झालेल्या. चहा घेतला. राहूला त्याची आई गेल्याचं सांगितलं. मी कागद पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत वाचला, सही केली आणि घड्याळ बघायला आत गेले. मी परत येऊन वेळ लिहीपर्यंत तो पेन हातात धरून थांबला. मग त्यानं माझ्या सहीखाली आपली सही केली, मनगटावरचं घड्याळ बघितलं आणि वेळ घातली.

“तुमचं घड्याळ दोन मिनिटं पुढं हाय, बाई,” तो म्हणाला.